अ तुकडी की ब?

"अ तुकडीत जाऊ नकोस," आई तिसऱ्यांदा म्हणाली. समोरचा चहा केव्हाच गार झाला होता.

मुलीने मान वर केली नाही. पहिल्या वर्षाचं गणित सक्तीचं, तुकड्या दोन, आणि आज संध्याकाळपर्यंत एक निवडायची होती. गणितात उडाली की अख्खं वर्ष पाण्यात. आणि हिला तर पुढे पूल बांधायचे होते!

"ब तुकडीचे सर चांगले आहेत, मी ओळखते त्यांना. सांभाळून घेतात."

"म्हणूनच भीती वाटते."

"दादाचं काय झालं, विसरलीस?"

विसरेल कशी? दादा अ तुकडीत होता. दोन मार्कांनी गेला. बॅग भरून मावशीकडे निघून गेला, तो परत आलाच नाही. आईचा फोनसुद्धा उचलत नव्हता.

"दोन मार्क वाढवता आले नसते का गं?"

"नाही." आईने कप उचलला, तसाच खाली ठेवला. "चुकलेलं बरोबर कसं म्हणायचं?"

कॉलेजच्या कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाचा एक दाढीवाला तावातावाने सांगत होता, "अ च्या मॅडम? खडूस नंबर एक! सख्ख्या बापाला सोडणार नाहीत."

पण ऐकीव गोष्टींवर वर्ष पणाला कोण लावणार? तिने दोन्ही तुकड्यांच्या तपासलेल्या जुन्या वह्या मागून घेतल्या. ब च्या वहीत पानभर बरोबरच्या खुणा. एके ठिकाणी उणे चिन्ह चक्क गिळलेलं, तरी खाली 'छान'! अ च्या वहीत लाल शाईचा नुसता सडा. पण प्रत्येक चूक जिथे सुरू झाली तिथेच धरलेली, आणि समासात प्रश्न, 'हे कशावरून?'

"रडवलं खरं," दाढीवाला जरा नरमला. "पण यंदाचं गणित मला सोपं जातंय, हेही खरं."

तिने वह्या मिटल्या. नापास झाली तर? दादासारखी तीही घराला पारखी झाली तर? तरी तिने अर्जात 'अ' वर खूण केली.

घरी पाऊल टाकताच आईने विचारलं, "ब ना?"

"भूक लागलीय मला," म्हणत ती स्वयंपाकघरात सटकली. त्या रात्री दोघीही धड जेवल्या नाहीत.

पहिल्या तासाला ती पुढच्याच बाकावर बसली. मॅडम आत आल्या आणि वर्ग चिडीचूप झाला. त्यांनी कुणाकडे न बघता हजेरी सुरू केली. एका नावाशी मात्र त्या अडखळल्या आणि पुढचं नाव घेईचनात. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

मुलगी उभी राहिली.

"हजर," ती म्हणाली, "आई."