हत्याराचा रकाना

शेतसंरक्षणाच्या परवान्याचा अर्ज शंभूनं भरत आणला होता, पण हत्याराच्या रकान्यापाशी त्याची गाडी अडली. बारा बोरची बंदूक लिहावी की तीनशे पंधराची रायफल? एकजण म्हणायचा, हरणाला रायफल जड पडती. दुसरा म्हणायचा, रानडुकराला बारा बोर हलकी पडती. आठ दिवस ऐकून ऐकून त्याचं डोकं पार भंजाळलं. शेवटी अर्ज घेऊन तो बेंबळीला आयुबचाचांच्या रानात गेला. एकेकाळी चाचांचा नेम म्हणजे शेवटचा शब्द असायचा.

चाचा हरभऱ्याच्या बांधावर उभं राहून चमच्यानं स्टीलचं ताट बडवत होते. पाच-सहा हरणं उड्या मारत पलीकडं पळाली.

"चाचा, तुमच्या आवडीची कोणची?"

"तीनशे पंधरा," चाचा क्षणभरही न थांबता म्हणाले. "लांबनं मारली तरी जनावर जागेवर बसतंय. तिच्यासारखी दुसरी न्हाय."

शंभूनं पेन काढलं आणि त्याची नजर ताटावर गेली. "मग हे काय? तुमची रायफल कुठंय?"

"मागच्या निवडणुकीत सगळ्यांसारखी पोलीस ठाण्यात जमा केली. परत आणायला गेलोच न्हाय."

"पण हरणं तर रोज येत्यात."

"म्हणूनच." चाचांनी ताट काखेत धरलं. "हे हातात असलं की मी त्यांना हाकलतो. रायफल असली की त्यांची वाट बघतो."