बॉनेटखालचा आवाज

दहाचा पाना तिसऱ्यांदा हातातून निसटून मातीत पडला, तेव्हाच मोबाईलमधला माणूस म्हणाला, "बघा, किती सोपं आहे!" कल्याणनं व्हिडिओ थांबवला. त्या माणसाचे हात अजून काळे झाले नव्हते.

नवा पाईप शेजारी खाटेवर पडला होता. चकचकीत, टोकाला लाल फिल्टर. हवेचा जुना बंद डबा काढून तो बसवायचा. मग म्हणे गाडी मोकळा श्वास घेते आणि पाय दाबला की वाघासारखी गुरगुरते. कल्याणला ती गुरगुर हवी होती. बायकोची समजूत काढायला लोक साडी आणतात. यानं पाईप मागवला होता.

कारण त्याच्या बायकोला, राजेश्वरीला, या गाडीत कुंची ऐकू यायची.

कुंची कल्याणच्या आईनं, मनकर्णाबाईनं शिवलेली. हिरव्या खणाची, पाठीवर सात घुंगरं. घरातलं प्रत्येक बाळ बारशाला तीच घालायचं. राजेश्वरीच्या लेकीनं घातली, मग ती पडवीतल्या पत्र्याच्या पेटीत गेली. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाला, पंकजला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी पेटी उघडली, तर कुंची नाही. पंकजची बायको शुभांगी चारचौघींत म्हणाली, "ताईंना द्यायचीच नव्हती, तर तसं सांगायचं हुतं." राजेश्वरीला आता पुढं मूल होणार नव्हतं, हे त्या चौघींनाही ठाऊक होतं. बोलणं जिव्हारी लागलं. पंकजनं खर्ड्याला बिऱ्हाड हलवलं. मग तिकडं जायची ती मनकर्णाबाई आणि नात, एवढंच.

त्यानंतर महिन्याभरात राजेश्वरी गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "अहो, कुंची वाजतीया."

कल्याणला काही ऐकू आलं नाही. तरी त्यानं गाडी जामखेडला नेली. अजिनाथ मेस्त्रीनं बॉनेट उघडलं, फिल्टर काढला, झटकला, परत बसवला. "वहिनी, गाडी हाय ही. बैलजोडी न्हाई घुंगरं वाजायला." कल्याण पोट धरून हसला. राजेश्वरी हसली नाही. पुन्हा ती कधी काही बोललीही नाही. फक्त चढाला गाडी हळू झाली की डोळे मिटायची, मान बॉनेटकडं कलती करायची आणि पाळण्यापाशी बसल्यासारखी ऐकत राहायची. शेवटी तिनं गाडीत बसणंच सोडलं. कुठंही जायचं तर एस.टी.

कल्याणच्या मनात एक गोष्ट होती. कुंची हिनंच कुठंतरी दडवली आणि आता मन खातंय, म्हणून हिला घुंगरं ऐकू येतात. हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. पण न सांगितलेलंच बायकोला आधी कळतं.

आज पंकजच्या दुसऱ्या बाळाचं बारसं होतं. आई आणि लेक कालच गेल्या होत्या. "तुमी जा," राजेश्वरी सकाळी म्हणाली होती. "मी त्या गाडीत बसनार न्हाई." म्हणून ही घाई. गाडी एकदा गुरगुरायला लागली, की घुंगरं कुठली ऐकू यायला!

सकाळ सरत आली तरी धुकं हटत नव्हतं. शाळवाच्या उभ्या ज्वारीत कुणीतरी पाखरं हाकलत होतं. हाळी ऐकू यायची, माणूस दिसत नव्हता. कल्याणचे हात चालू होते आणि मन कुठंतरी तरंगत होतं. डबा निघाला. त्याच्याखाली, चाकाच्या अंगाला, आणखी एक पोकळ डबी होती. हवा आधी तिच्यातून यायची. फिल्टर बदलणारा मेस्त्री तिथवर कधी जात नाही. कल्याणनं ती ओढून काढली.

छुम.

त्याला वाटलं, भास. त्यानं डबी हलवली. पुन्हा छुम.

मग त्यानं ती पोत्यावर उपडी केली. भुसा पडला, उंदराच्या लेंड्या पडल्या, कुरतडलेल्या हिरव्या खणाच्या चिंध्या पडल्या. एका चिंधीला जरीचा दोरा होता आणि त्या दोऱ्याला एक घुंगरू.

पडवीतली पत्र्याची पेटी रोजच्या जागी उभ्या गाडीच्या चाकापासून दीड हातावर होती. तिचा गंजलेला कोपरा कल्याणनं हजारदा पाहिला होता. आता त्यात उंदीर जाईल एवढं भोक दिसत होतं. तो तिथंच मातीत बसला. आपण हसलो होतो, ते त्याला आठवलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

राजेश्वरी चहा घेऊन बाहेर आली. तिनं पोत्यावरच्या चिंध्यांकडं पाहिलं. कप खाली ठेवला. घुंगरू उचलून पदराला पुसलं.

"चुकलं माझं," कल्याण म्हणाला.

तिनं घुंगरू मुठीत धरलं. खाटेवरच्या पाईपकडं बोट करून म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. जुनंच बसवा."

तासाभरात जुना डबा जागेवर गेला. तोवर ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. शुभांगीला दाखवायला चिंध्या तिनं रुमालात बांधल्या होत्या. कुणी न सांगता ती पुढच्या सीटवर बसली. धुकं विरत होतं. दोन्हीकडचा शाळू दुधात बुडाल्यासारखा मागं सरत होता. चढ आला, गाडी हळू झाली. दोघंही कान देऊन बसले. बॉनेटखाली काहीच वाजलं नाही.

खर्ड्याच्या किल्ल्याचे बुरूज दिसायला लागले, तसं कल्याणनं न राहवून विचारलं, "आता न्हाई ना काय वाजत?"

राजेश्वरीनं मूठ उघडली, घुंगरू त्याच्या कानाशी नेलं आणि हलवलं.

"आता आलं का ऐकू?"