पहिला कप

“सर, तुमचं शेवाळ आलं. आता तुम्ही बाहेर,” अध्यक्षबाई म्हणाल्या आणि समितीतले बाकीचे हसले. नियमच होता तसा. ज्याचा विद्यार्थी मुलाखतीला येईल, त्या प्राध्यापकानं तेवढा वेळ खोलीबाहेर बसायचं. उगाच आपल्या माणसाकडे माप झुकायला नको.

दारातच विद्यार्थी भेटला. जुन्या पुलांच्या दगडांवर वाढणाऱ्या शेवाळावर त्याचं काम. शर्टाला कडक इस्त्री, पण कॉलर एका बाजूनं आत दुमडलेली. सरांनी ती नीट केली आणि “जा” एवढंच म्हणाले. नव्या संशोधकांसाठीची ही फेलोशिप यंदा एकच होती. पीएचडीनंतर पाच वर्षं उलटली की अर्जही करता येत नाही, आणि पोराचं हे पाचवं वर्ष. मिळाली तर निवांत काम, नाहीतर खासगी क्लासवाले त्याची वाटच बघत होते. पोरगा सरांना पोटच्यासारखा. त्यालाच मिळावी असं त्यांना वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. वाटण्याला कुठला नियम!

व्हरांड्यातल्या बाकावर शेवटची उमेदवार बसली होती. मांडीवर पिशवी, ओठ हलताहेत, पाठांतर चाललेलं. सर टेकले तशी ती जरा सरकली.

“काका, तुमचा मुलगा आत गेलाय का?”

“मुलगाच म्हणा.”

‘मी समितीत आहे’ हे खरं तर तिथल्या तिथं सांगून टाकायला हवं होतं. ते राहिलं.

“मला तर बाई धडकीच भरलीय,” ती म्हणाली. “माझी गांडुळं मेली ना.”

“अं?”

“अहो, कारखान्याच्या सांडपाण्यानं नासलेली माती गांडुळांनी सुधारते का, ते बघत होते मी. कॉलेजनं थोडा निधीही दिला होता. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली, प्रयोगशाळेला कुलूप. वर पत्रे. किल्ली मागितली तर विभागप्रमुख ओरडतील म्हणून मी मागितलीच नाही. सुट्टीनंतर उघडून बघते तर सगळी एकजात मेलेली!” तिनं चष्मा काढून ओढणीला पुसला. “हे आत सांगितलं तर म्हणतील, हिला गांडुळं सांभाळता येईनात, हिला कसली फेलोशिप? म्हणून मी म्हणणार आहे, प्रयोग अजून चालू आहे. चालेल ना काका?”

तिच्या कॉलेजनं परस्पर पाठवलेला निधीचा अहवाल समितीतल्या प्रत्येकानं वाचलेला होता, मेलेल्या गांडुळांसकट. आणि ‘तुमचं काय फसलं?’ हा प्रश्न दर मुलाखतीत विचारायचं कोण? स्वतः सरच. समितीला अपयश चालायचं, थाप चालायची नाही. ‘चालू आहे’ म्हणाली की पोरगी जागच्या जागी बाद.

एक वाक्य पुरलं असतं. पण उमेदवाराशी मुलाखतीबद्दल बोलायचं नाही, हाही नियमच होता. आज तो सरांच्या भलताच सोयीचा होता. हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं, आणि तरीही ते म्हणाले, “बघा बुवा. तुम्हाला योग्य वाटेल तसं.”

दार उघडलं. पोरगा घाम पुसत, पण हसत बाहेर आला. मागोमाग शिपाईमामांनी चहाचे दोन कप असलेला ट्रे आणून बाकावर ठेवला. “साहेबांसाठी आणि या शेवाळासाठी,” असं म्हणून ते परत आत गेले.

तिनं लगेच पोराला गाठलं. “काय काय विचारतात हो? फसलेल्या प्रयोगांचं विचारतात?”

“हमखास! तुमचं काय फसलंय?”

“गांडुळं मेली.”

“मग तेच सांगा. अशी मेली, माझ्या चुकीनं मेली. मीही आत्ता सांगून आलो, अख्खं वर्ष मी भलत्याच पुलावरचं शेवाळ खरवडत होतो म्हणून. लपवू मात्र नका.” तो तिच्याशेजारी बसलाच. “आमच्याकडे दर सोमवारी चहाला बसलं की आधी प्रत्येकानं आपलं काय फसलं ते सांगायचं. ज्याचं सगळ्यात जास्त फसलं, त्याला पहिला कप. सरांनीच लावलेली सवय आहे ही.”

“कोण सर?”

पोरानं हनुवटीनं दाखवलं. ती ताडकन उठली. “अगंबाई!”

तेवढ्यात शिपाईमामांनी दारातून डोकं काढलं. “गांडूळवाल्या मॅडम, चला. सर, तुम्हीही चला.”

सर उठले नाहीत. “आत सांगा, या मुलाखतीलाही मी बाहेरच आहे.”

“या कुठं तुमच्या विद्यार्थिनी? नियमात नाही बसत ते.”

“माहीत आहे.” मग सर तिच्याकडे वळले. तिच्या नजरेला नजर देणं जड गेलं, पण दिली. “हा सांगतोय तेच खरं. मला विचारलंत तेव्हाच मी सांगायला हवं होतं.”

ती पिशवी छातीशी धरून आत गेली. दार लागलं.

पोरगा सरांकडे बघत राहिला. शेवटी उसनं हसू आणून त्यानं ट्रेकडे हात नेला. “पहिला माझा हं सर. अख्खा पूल चुकला माझा!”

“ठेव तो,” सर म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. “आज पहिला माझा.”