विसरपट्टी

दूध संघाच्या सभागृहात शर्मिष्ठा घोरपडे एकेकाच्या कपाळावर पट्टी टेकवत होती. पट्टी लागली की कामाची जुनी पद्धत डोक्यातून पुसली जायची आणि ‘आधी असं नव्हतं’ म्हणून कुरकुरणारं कुणी उरायचं नाही. बदल राबवणाऱ्या गटातल्या एकाला मात्र सगळं आठवणं भाग होतं. बारा वर्षं ते लोढणं तिच्याच गळ्यात होतं.

शेवटी अण्णा माणगावे आले, संघाचे सर्वांत जुने तपासनीस. पट्टी निघाल्यावर त्यांनी नव्या पद्धतीचा कागद वाचला. दूध टँकरमध्ये एकत्र ओतण्याआधी गावातच तपासायचं. त्यांचा चेहरा उजळला.

"झकास आहे की हो, मॅडम! इतकी वर्षं हे कुणालाच कसं सुचलं नाही?"

शर्मिष्ठानं पट्टी डबीत ठेवली. ही पद्धत अण्णांनीच बसवली होती. नऊ वर्षांपूर्वी, ती बंद करू नका म्हणून, ते याच सभागृहात तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले होते. तेव्हाही पट्टी तिनंच टेकवली होती.

"ज्याला हे सुचलं ना, त्याला माझा नमस्कार सांगा," म्हणत अण्णांनी हात जोडले.

"सांगते," ती म्हणाली, पण त्या हातांकडे तिला बघवेना.