ऊठ गं ठमे

माझी ताई डबिंग करायची. वर्षानुवर्षं चाललेल्या एका जपानी कार्टून मालिकेत नायिकेच्या आईला मराठी आवाज तिचाच, आणि त्या मालिकेवरच्या व्हिडिओ गेममध्येही. गेमच्या रेकॉर्डिंगला बोलण्याच्या ओघात नायिकेच्या नावाऐवजी ती "ऊठ गं ठमे, मी आहे ना!" असं म्हणून गेली. ठमी म्हणजे तिची लेक. स्टुडिओत सगळे हसले, पण वाक्य तसंच ठेवलं.

गळ्याच्या ऑपरेशनमध्ये ताईचा आवाज कायमचा गेला. हल्ली ठमी ऑफिसातून आली की आईच्या उशाशी बसून तोच गेम खेळते आणि सारखी हरते.

"एकदा तरी जिंक की गं, मठ्ठे!" शेवटी मीच वैतागले.

&nbsp;

"जिंकल्यावर त्यात आई बोलत नाही, मावशी."