माहेरचं देणं

गोलूला जन्मापासून ऐकू येत नाही. लातूरच्या डॉक्टरांनी आज सिंधूला आणि तिच्या नवऱ्याला बसवून समजावलं, की हा दोष आई-बाप दोघांकडून आला तरच लेकरात दिसतो. एकाकडूनच आला तर आतल्या आत दबून राहतो.

चाकूरला घरी आल्यावर सिंधूनं सासूला तेच सांगितलं. सासूनं शेंगा फोडता फोडता मान हलवली. "आमच्या घराण्यात असलं काही न्हाई बाई. तुझ्या माहेरचंच हाय हे."

गोलू झाल्यापासून हेच ऐकून ऐकून सिंधूला आता भांडायचाही कंटाळा आला होता. तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"आत्या, माझा बाप तुमचा पाठचा भाऊ हाय."