नारिंगी जॅकेट

चौक किती धोक्याचा आहे हे तपासायला हेमंत नारिंगी जॅकेट घालून तिसऱ्या दिवशीही खुर्चीत बसला होता. अपघात होता होता टळला की वहीत एक रेघ मारायची. दिवसाला सरासरी तीस रेघा भरल्या तरच इथे सिग्नल मिळणार होता. वही कोरी होती. त्याला बघून डंपरसुद्धा वरातीतल्या घोड्यासारखे चालत होते.

“माझी टपरी दोनदा उडवली ह्यांनी,” चहावाल्या द्वारकाबाई म्हणाल्या. “तुम्ही दंड करणारे वाटता म्हणून शहाण्यासारखे जातात. जरा मागे लपा की, साहेब.”

तो टपरीमागे गेला. संध्याकाळपर्यंत साठ रेघा झाल्या आणि एका टेम्पोने त्याची रिकामी खुर्ची उडवली.

तीन दिवसांची सरासरी वीस आली. ऑफिसने कळवलं, चौक सुरक्षित आहे.

हेमंतने जॅकेट काढून द्वारकाबाईंच्या खांद्यावर टाकलं. “सिग्नल मिळेपर्यंत अंगात असू द्या, मावशी.”

दुसऱ्या दिवशी एक डंपर टपरीपाशी थांबला. ड्रायव्हरने कोणी न मागताच लायसन्स पुढे केलं. द्वारकाबाईंनी ते उलटसुलट पाहिलं, परत दिलं आणि विचारलं, “साखर नेहमीची, की कमी?”